भिंत एक, मापे पाच

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली बांधायची ठरली, की त्या खोलीची भिंत सर्वसाधारणपणे पाच वेळा मोजली जाते. पहिल्यांदा ती नकाशा काढणारा मोजतो. दुसऱ्यांदा पाया, स्तंभ आणि तुळया यांचे गणित करणारा संरचना अभियंता आपल्या आकृतीत ती नव्याने काढतो. तिसऱ्यांदा अंदाजपत्रक तयार करणारा कनिष्ठ अभियंता नकाशावरची लांबी, रुंदी, उंची वाचून ती तक्त्यात भरतो. चौथ्यांदा निविदा भरणारा ठेकेदार आपल्या नफ्यातोट्याच्या हिशेबासाठी ती मोजतो. आणि पाचव्यांदा, भिंत प्रत्यक्ष उभी राहिल्यावर, फीत लावून तिचे माप मोजमाप पुस्तकात चढते. भिंत एकच असते. मापे पाच होतात, आणि ती पाचही एकमेकांशी जुळतील याची हमी कोणीही देत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आता सरकारी कचेऱ्यांत संगणक आले, ही जुनी गोष्ट झाली. संगणक आले हे खरे. नकाशा संगणकावर निघतो, अंदाजपत्रक संगणकावर बनते, निविदाही संगणकावरच उघडते. पण या संगणकांची परस्परांशी ओळख नाही. नकाशाच्या आज्ञावलीत भिंत म्हणजे काही रेषा असतात. अंदाजपत्रकाच्या आज्ञावलीत तीच भिंत म्हणजे एक बाब क्रमांक, काही घनमीटर आणि एक दर असतो. या दोहोंच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो. तो एका पडद्यावरचा आकडा वाचतो आणि दुसऱ्या पडद्यावर तो टंकित करतो. पूर्वीचा कारकून जे काम दौत-टाकाने करीत होता तेच काम आता कळफलकाने होते. यंत्रे बदलली, नकलण्याचे काम तसेच राहिले.

हा प्रश्न केवळ अभियंत्यांच्या सोयीचा असता, तर त्याची चर्चा त्यांच्या परिषदांपुरती ठेवता आली असती. परंतु अंदाजपत्रक हा कोणत्याही सार्वजनिक बांधकामाचा पहिला शब्द असतो. प्रशासकीय मान्यता त्यावर मिळते, तांत्रिक मान्यता त्यावर मिळते, निविदा त्यावरून निघते आणि काम रखडले म्हणजे सुधारित मान्यतेचा प्रस्तावही त्याच्याच आधाराने वर जातो. तेव्हा नकाशा आणि अंदाजपत्रक यांच्यातली ही फट म्हणजे लोकांच्या पैशाच्या हिशेबातली फट होय, आणि तिचा विचार लोकांनीच केला पाहिजे.

जुन्या पुस्तकाची शिस्त

या देशात सार्वजनिक बांधकाम खात्याची उभारणी १८५४ साली डलहौसीच्या कारकीर्दीत झाली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि तेथे त्या राज्याचे स्वतंत्र बांधकाम खाते पुढे उभे राहिले. १९४८मध्ये निजामी राजवट संपली, १९५६मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण मोजमाप पुस्तक हे या खात्यांचे मुख्य दफ्तर राहिले. त्या पुस्तकाचे नियम कडक होते आणि आहेत. पाने क्रमांकित असावीत, एकही पान फाडू नये, नोंद शाईने करावी, खाडाखोड करू नये, चूक दुरुस्त करायची तर जुना आकडा वाचता येईल अशी रेघ मारून त्यावर सही करावी. या नियमांमागचे तत्त्व साधे होते. प्रत्येक आकडा कोठून आला, कोणी लिहिला आणि कोणी बदलला हे नंतर येणाऱ्या माणसाला कळले पाहिजे.

खेदाची गोष्ट अशी की, संगणकाच्या तक्त्यात नेमके हेच तत्त्व हरवते. तक्त्याच्या चौकटीतला एक आकडा पुसून दुसरा घातला तर जुन्याची खूण सहसा मागे राहत नाही. ३.०० मीटर उंचीच्या जागी ३.३० झाले, ते नकाशा बदलल्यामुळे झाले, बोट घसरल्यामुळे झाले, की कोणाच्या सांगण्यावरून झाले, हे वर्षानंतर सांगता येत नाही. तपासणारा उपअभियंता शेवटची बेरीज पाहतो, दर पाहतो आणि सही करतो, कारण प्रत्येक माप नकाशाशी ताडून पाहण्याइतका वेळ त्याच्यापाशी नसतो. ज्या खात्याने शंभराहून अधिक वर्षे खाडाखोडीला मज्जाव केला, त्या खात्याने खाडाखोड दिसूच नये असे साधन विनातक्रार स्वीकारले आहे.

याचा फायदा कोणाला होतो, हे सांगायला फार खोल जावे लागत नाही. जेथे निविदेत प्रत्येक बाबीला स्वतंत्र दर मागितला जातो, तेथे चाणाक्ष ठेकेदार प्रथम नकाशा आणि परिमाणे यांतला फरक शोधतो. एखाद्या बाबीचे परिमाण चुकून कमी धरलेले दिसले, की त्या बाबीला तो चढा दर लावतो. ज्याचे परिमाण जास्त धरले आहे तिला उतरता दर लावतो. एकूण निविदा सर्वांत कमी दिसते आणि मंजूर होते. काम सुरू झाल्यावर कमी धरलेले परिमाण वाढते, जास्त धरलेले घटते, आणि देयकाची रक्कम फुगते. यात कागदोपत्री कोणाचाही गुन्हा नसतो. अंदाजपत्रकातली एक निष्काळजी नोंद तेवढी असते.

रेषांच्या जागी वस्तू

या दुखण्यावरचे औषध जगाला गेली पन्नास वर्षे ठाऊक आहे. १९७५ साली कार्नेगी-मेलन विद्यापीठातील चार्ल्स ईस्टमन यांनी असे मांडले की, इमारतीचे चित्र संगणकात साठविण्याऐवजी इमारतीचे वर्णन साठवावे. भिंत ही रेषांची जोडी न राहता भिंत म्हणूनच नोंदवली जावी. तिची जाडी, तिचे साहित्य, तिच्यातले दरवाजे आणि खिडक्या तिच्याबरोबर असाव्यात. मग त्या एकाच वर्णनावरून नकाशेही निघतील आणि साहित्याची परिमाणेही निघतील. खिडकी सरकवली तर दोन्ही आपोआप बदलतील. या कल्पनेतून पुढे ज्या आज्ञावल्या तयार झाल्या त्यांना आज जगभर ‘बिम’ म्हणतात. मराठीत तिला इमारतीचे माहिती-प्रतिरूप म्हणता येईल.

प्रतिरूप तयार झाले तरी ते अंदाजपत्रकाच्या आज्ञावलीला समजले पाहिजे. प्रत्येक कंपनीची धारिका वेगळ्या बोलीत लिहिलेली. एकीची दुसरीला कळेना. म्हणून १९९०च्या दशकाच्या मध्यास काही कंपन्या आणि व्यावसायिक एकत्र आले व त्यांनी ‘आय.एफ.सी.’ नावाची सामाईक मांडणी तयार करण्यास आरंभ केला. २०१३ साली ती आय.एस.ओ. १६७३९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही, हा तिचा मोठा गुण. तिच्यात भिंतीला भिंत, तुळईला तुळई म्हणण्याची सोय आहे आणि प्रत्येक घटकाचे स्थूल व निव्वळ परिमाण त्याच्याबरोबर पाठविण्याचीही सोय आहे.

ही सोय नसल्याची किंमत किती, याचा हिशेब अमेरिकेत झालेला आहे. तेथील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, मोठ्या इमारतींच्या क्षेत्रात एका यंत्रणेची माहिती दुसरीला न समजल्यामुळे होणारे नुकसान वर्षाला १५.८ अब्ज डॉलर इतके धरले होते. त्यातला सुमारे दोन-तृतीयांश भार वास्तुशिल्पी किंवा ठेकेदार यांच्यावर पडत नव्हता. तो इमारतींचे मालक आणि त्या चालविणारे यांच्यावर पडत होता. ही गोष्ट परभणीकरांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, कालवे या सर्वांचे मालक शेवटी लोक आहेत. नकल करताना झालेल्या चुकीचे देयकही शेवटी त्यांच्याच नावे फाटते. ब्रिटनच्या सरकारने २०११ साली धोरण जाहीर करून २०१६पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ही पद्धत आवश्यक ठरविली, ती अशाच विचाराने.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. नागपूर मेट्रोच्या बांधकामात महामेट्रोने ‘पाच मितीं’ची पद्धत वापरली. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती, वेळापत्रक ही चौथी आणि खर्च ही पाचवी. म्हणजे जे साधन परकीय वाटते ते महाराष्ट्राच्या उपराजधानीत वापरून झाले आहे. हजारो कोटींच्या कामाला जी शिस्त लागली ती लाखांच्या कामाला का लागू नये, असा प्रश्न मराठवाड्याने विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

दोन्ही आकडे खरे

मात्र येथे एक भाबडेपणा टाळला पाहिजे. प्रतिरूपातून परिमाण काढले आणि ते जसेच्या तसे अंदाजपत्रकात ओतले म्हणजे काम झाले, असे समजणारे या क्षेत्रात थोडे नाहीत. तसे होत नाही. आणि का होत नाही हे एका भिंतीवरूनच समजेल.

समजा, वर्गखोलीची एक भिंत ८ मीटर लांब आणि ३ मीटर उंच आहे. तिच्यात १.२ मीटर रुंद व २.१ मीटर उंच असा एक दरवाजा आणि १.२ मीटर चौरस अशा दोन खिडक्या आहेत. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकाच प्रकारचा गिलावा करायचा आहे. दोन्ही अंगांचे क्षेत्र ४८ चौरस मीटर. दरवाजा २.५२ आणि दोन खिडक्या मिळून २.८८, असे उघाडाचे क्षेत्र ५.४० चौरस मीटर. संगणकाचे प्रतिरूप भूमितीने चालते. ते दोन्ही अंगांकडून उघाड वजा करील आणि गिलावा ३७.२० चौरस मीटर सांगेल. पण भारतीय मानक १२००, जे या देशात बांधकामाच्या मापनाचे नियम ठरविते, ते वेगळे सांगते. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा उघाड वजा करू नये. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचा उघाड एकाच अंगाकडून वजा करावा, कारण दुसऱ्या अंगाच्या बदल्यात चौकटीभोवतीच्या कडांचा गिलावा भरून निघतो. त्याहून मोठा असल्यास दोन्ही अंगांकडून वजा करून कडा स्वतंत्र मोजाव्यात. या नियमाने त्याच भिंतीचा गिलावा ४२.६० चौरस मीटर होतो. फरक ५.४० चौरस मीटरचा, म्हणजे संगणकाच्या आकड्याच्या सुमारे साडेचौदा टक्के.

यांतला कोणता आकडा खरा? दोन्ही खरे. एक भूमितीचा आहे, दुसरा कराराचा. काँक्रीट मोजताना आतल्या सळईचे घनफळ वजा करायचे नाही, हाही त्याच मानकाचा नियम आहे. भूमितीला तो मान्य नाही, पण देयक त्यावरच निघते. जी यंत्रणा पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी मुकाट्याने बसवील, ती ठेकेदारावर अन्याय करील. तो ठेकेदार लवादाकडे जाईल आणि नव्या पद्धतीची बदनामी होईल. म्हणून दोन आज्ञावल्यांमध्ये केवळ आकडा जाऊन चालत नाही. तो कोणत्या नियमाने मोजला हेही त्याच्याबरोबर गेले पाहिजे. हे काम परदेशी कंपनी करून देणार नाही. येथले मापनाचे नियम जाणणाऱ्या येथल्याच अभियंत्यांना ते करावे लागेल.

दरसूचीची तीन पुस्तके

परिमाणाची गोष्ट अशी. आता दराकडे पाहू. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची आहे, जलसंपदा खात्याची स्वतंत्र दरसूची आहे, आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची आणखी एक आहे. सेलू किंवा जिंतूर तालुक्यातल्या एकाच गावात शाळेची खोली, पाण्याची टाकी आणि कालव्यावरची मोरी अशी तीन कामे एका वर्षात निघाली, तर तिन्हींसाठी त्याच मातीत खोदाई होईल, त्याच प्रतीचे काँक्रीट पडेल आणि त्याच जाडीची सळई वापरली जाईल. पण तीन ठिकाणी त्या बाबींचे क्रमांक वेगळे, वर्णने वेगळी. माणसाला त्या एकच आहेत हे कळते. यंत्राला कळत नाही. त्यात दरसूचीच्या नव्या आवृत्तीत बाबीचा क्रमांक बदलला, तर गेल्या वर्षी केलेली जुळणी या वर्षी निरुपयोगी ठरते.

शिवाय दर म्हणजे केवळ दरसूचीतला आकडा नव्हे. खाणीपासून कामापर्यंतचे अंतर, म्हणजे बांधकामाच्या भाषेतली ‘लीड’, गौण खनिजाचे स्वामित्वधन आणि कर हे सारे त्यात येते. गोदावरीकाठच्या गंगाखेड तालुक्यातले काम आणि उत्तरेच्या टोकाला जिंतूर तालुक्यातले काम यांत वाळूचे आणि खडीचे अंतर वेगळे, म्हणून खर्च वेगळा. हे अंतर इमारतीच्या प्रतिरूपात कोठेही दिसत नाही, कारण ते इमारतीत नसते, रस्त्यावर असते. १८ जुलै २०२२पासून सरकारी बांधकामाच्या ठेक्यांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तेव्हा भिंतीचा एक विटेचाही आकार बदलला नव्हता. तरी खर्च बदलला. परिमाण, दर, अंतर आणि कर ही चार वेगळी खाती आहेत. ती वेगळी ठेवून एकमेकांशी जोडणे, हेच नकाशा आणि अंदाजपत्रक यांना जोडण्याचे मर्म आहे.

असे झाले तर मोठा लाभ होईल. ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ हे शब्द परभणी जिल्ह्याला नवे नाहीत. सेलू तालुक्यातला निम्न दुधना प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण. प्रदीर्घ काळ रेंगाळलेल्या या प्रकल्पाचा समावेश २०१६ साली केंद्राने निवडलेल्या ९९ रखडलेल्या सिंचन प्रकल्पांत करावा लागला. अशा कामांचा खर्च वाढण्यास भूसंपादन, पुनर्वसन, महागाई, निधीची चणचण अशी अनेक कारणे असतात, आणि त्यांतली बरीचशी अभियंत्याच्या हाताबाहेरची असतात. पण नागरिकाचा प्रश्न साधा असतो: वाढलेल्या रकमेतला किती भाग महागाईचा, किती कराचा, किती आराखडा बदलल्याचा, आणि किती केवळ पहिले माप चुकल्याचा? आज या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, कारण ही चार खाती एका बेरजेत मिसळून गेलेली असतात. ती वेगळी राहिली तर सुधारित मान्यता देताना शासनाला, आणि जाब विचारताना विधिमंडळाला, नेमके कोठे बोट ठेवायचे ते कळेल.

काळ्या मातीचा साक्षीपुरावा

या पद्धतीचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती सांगायला परभणीइतकी योग्य जागा नाही. या जिल्ह्याची काळी माती कापसाला मानवते, घराला मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरच्या भिंतींना भेगा पाडते. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खालच्या टोकाला फुगीर असलेल्या ढोपऱ्या खांबांच्या पायाची पद्धत विकसित केली. पण पाया किती खोल न्यायचा, काळी माती कोठे संपते आणि मुरूम कोठे लागतो, हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. कचेरीत बसून काढलेल्या प्रतिरूपात पाया दीड मीटरवर छान बसलेला दिसेल. कुदळ मात्र अडीच मीटरवरही काळीच माती वर काढील.

खोदाईच्या देयकात मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा दर निराळा असतो. कोणत्या थराला काय म्हणायचे हे जागेवरचा माणूस ठरवितो. खड्डा काँक्रीटने भरला की पुरावा गाडला जातो. बांधकामातले बरेच वाद, आणि वादापेक्षा वाईट गोष्टी, याच अंधाऱ्या जागेत जन्म घेतात. प्रतिरूप हा अंधार आपोआप दूर करीत नाही. चाचणी खड्ड्याच्या नोंदी आणि छायाचित्रे त्याला जोडण्याचा दंडक घातला, तर मात्र ते निदान साक्षीदार होऊ शकते.

परवडण्याचा प्रश्न

आता नेहमीचा आक्षेप. हे सारे नागपूरच्या मेट्रोला ठीक, परभणीच्या जिल्हा परिषदेला कसे परवडावे? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते वाटते तितके नाही. नावाजलेल्या आज्ञावल्यांचे वार्षिक भाडे भारी असते हे खरे, तथापि आय.एफ.सी. मांडणीतले प्रतिरूप तयार करणाऱ्या व उघडणाऱ्या फ्रीकॅडसारख्या विनामूल्य आज्ञावल्याही आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ग्रामीण भागातली बहुतेक सार्वजनिक कामे ठरावीक नमुन्याची असतात. वर्गखोली, अंगणवाडी, उपकेंद्र यांचे प्रमाण नकाशे असतात आणि तेच गावोगाव वापरले जातात. मेट्रोचे प्रत्येक स्थानक निराळे. वर्गखोली मात्र पालमला आणि पाथरीला सारखीच. तिचे प्रतिरूप एकदा नीट केले, मापनाचे नियम एकदा जोडले, तर पुढच्या शेकडो खोल्यांसाठी पाया, अंतर आणि दर एवढेच बदलावे लागेल. लहान जिल्ह्याला हे साधन झेपणार नाही हे म्हणणे म्हणूनच उलटे आहे. ते त्यालाच अधिक स्वस्त पडेल.

खरा धोका पैशाचा नाही, परावलंबनाचा आहे. एखाद्या कंपनीच्या खासगी मांडणीत जिल्ह्याचे सारे नकाशे आणि अंदाजपत्रके अडकली आणि पाच वर्षांनी भाडे भरले नाही, तर स्वतःच्याच शाळेचे दफ्तर उघडता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे मोजमाप पुस्तक आजही धूळ झटकून वाचता येते. सरकारी दफ्तर खुल्या मांडणीतच ठेवले पाहिजे, हा आग्रह त्यासाठी.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. पाच वेळा मोजण्यात अपव्यय असतो; पण पाच मोजण्या कधी कधी एकमेकींची चूक पकडतात. सर्वांनी एकाच नोंदीवर विसंबायचे ठरविले, तर एक चूक पाचही ठिकाणी निमूटपणे पोहोचेल आणि संगणकाने सांगितले म्हणून तिला प्रतिष्ठाही मिळेल. यावर तोड आहे. नकाशा, संरचना, अंदाजपत्रक आणि निविदा यांतली पहिली चार मापे एकाच नोंदीतून यावीत. पाचवे माप, म्हणजे उभ्या भिंतीला फीत लावून घेतलेले माप, कदापि त्या नोंदीतून उचलू नये. जे कागदावर ठरले ते आणि जे जमिनीवर झाले ते, या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या तरच त्यांची तुलना करण्यात अर्थ आहे. प्रतिरूपातला आकडा देयकात चिकटवून मोकळे होण्याचा मोह उद्या अनेकांना होईल. तो आजच नियमाने बंद केला पाहिजे.

काय करावे

राज्य शासनाने आरंभ दरसूचीपासून करावा. तिन्ही खात्यांच्या समान बाबींना एकच कायमचा क्रमांक द्यावा, तो आवृत्तीगणिक बदलू नये, आणि दरसूची यंत्राला वाचता येईल अशा तक्त्याच्या रूपाने सर्वांसाठी खुली ठेवावी. प्रत्येक बाबीपुढे तिच्या मापनाचा नियम लिहावा. प्रमाण नकाशांची प्रतिरूपे आय.एफ.सी. मांडणीत प्रसिद्ध करावीत. अंदाजपत्रकातला प्रत्येक आकडा कोणत्या घटकातून आला, कोणी बदलला आणि केव्हा बदलला, याची न पुसता येणारी नोंद ठेवावी. मोजमाप पुस्तकाचा जुना नियम संगणकाला लागू करावा, इतकेच याचे स्वरूप आहे. जिल्हा परिषदेने एका नमुन्याच्या वर्गखोलीवर हा प्रयोग करून पाहावा. परभणीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथल्या विद्यार्थ्यांना आणि जिल्ह्यातल्या तरुण अभियंत्यांना हे काम दिले तर त्यांना शिक्षण मिळेल आणि जिल्ह्याला माणसे मिळतील. कनिष्ठ अभियंत्याची नकलण्यातून सुटका झाली तर त्याची गरज संपणार नाही. त्याला खड्ड्यापाशी उभे राहायला वेळ मिळेल, आणि त्याची जागा तेथेच आहे.

शेवटची गोष्ट गावाची. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला अंदाजपत्रकाची आणि मोजमाप पुस्तकाची प्रत मागता येते. ती मिळते तेव्हा शेकडो ओळींचे इंग्रजी तक्ते हाती पडतात आणि मागणारा हात टेकतो. ज्या नोंदीतून नकाशा आणि अंदाजपत्रक निघते, तीतूनच एका पानाचा मराठी गोषवारा काढणे अवघड नाही. या खोलीत एवढे घनमीटर काँक्रीट, एवढी पोती सिमेंट, अमुक जाडीची एवढे किलो सळई, एवढा गिलावा, पाया एवढा खोल. बारा मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम असते, हे गावातला लोहारही सांगू शकतो. तो गोषवारा काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत वाचला जावा आणि शाळेच्या फळ्याशेजारी लावला जावा. मग मुलांच्या वर्गाची भिंत उभी राहील तेव्हा गावातला कोणीही फीत घेऊन तिच्यापाशी जाईल, आणि सरकारच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहील. पाचवे माप घेण्याचा तोही एक हक्कदार आहे.